ओढ्याकाठची गाजरं

छाया लहानपणापासून अशीच. दुधावर लक्ष ठेव म्हणून चुलीपाशी बसवलं, तर दूध उतू जायचं आणि ही त्या फेसाच्या डोंगराकडे कौतुकानं बघत बसलेली असायची. लग्न होऊन भिवपुरीच्या वीजघराखालच्या गावात आली, तेव्हा सासूनं आठवडाभरात ओळखलं की सून कामाला वाघ आहे, पण मधूनच कुठंतरी निघून जाते. हात चालू, डोळे उघडे, आणि बाई जागेवर नाही. सासू तिच्या पुढ्यात उभी राहून विचारायची, "हायेस का गं घरात?" छाया दचकून म्हणायची, "आले आले." कुठून आली, ते सांगता येत नसे.

सासू गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. नवरा जितेश खोपोलीकडच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जातो. पावसाळ्यात भात होतं, आणि ते कापलं की घरामागच्या तुकड्यावर छायाची भाजी सुरू होते. डोंगरावरून पडणाऱ्या पाण्यावर वीजघर चालतं, आणि तिथून सुटलेलं पाणी कालव्यानं खाली गावात येतं. "रातभर मुंबईचे दिवे लावून दमतं बिचारं," छाया म्हणायची, "आणि मग आमच्याकडं निजायला येतं." जितेश हसायचा. पण पाट फोडून सरीत पाणी सोडताना तोही आवाज न करता फावडं टेकवायला शिकला होता.

भाजीवर औषध मारणं तिनं कसं सोडलं, त्याचीही गोष्ट अशीच. तिला कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, की कोणत्या योजनेत तिचं नाव नव्हतं. तिला शेतात फिरता फिरता खायची सवय. कोवळी भेंडी मोडायची आणि तिथंच चावायची, काकडी पदराला पुसायची आणि खायची. एका वर्षी जितेशनं फवारणी केली आणि बजावलं, "आता आठ दिवस तोंडात घालायचं नाय काय." ते आठ दिवस छाया बांधावर अशी बसून राहिली, जशी माहेरच्या घराला लागलेलं कुलूप बघून आली असावी. नवव्या दिवशी तिनं पंप उचलून माळ्यावर टाकला. पुढं शेण, गोमूत्र, कडुनिंबाचा पाला, राख, जे जे गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं ते ते तिनं करून बघितलं. काही जमलं, काही फसलं. भाजी कमी आली, पानांना भोकं पडली. पण बांधावरून चालताना तोंड परत चालू झालं.

अडचण होती ती विकायची. कर्जतच्या बाजारात टोपली घेऊन बसली, की शेजारच्या बायकांची टवटवीत, एकसारखी, पाणी मारलेली भाजी आणि हिची लहानमोठी, वाकडी, भोकं पडलेली. गिऱ्हाईक यायचं, मेथीची जुडी उलटीपालटी करायचं. "ही किडकी का हो?" छाया उत्तर द्यायची, पण तोवर गिऱ्हाईक चार टोपल्या पुढं गेलेलं असे. किंवा समोरच्या पिंपळाच्या पानांवर ऊन नाचत असे आणि गिऱ्हाईक भाव विचारून, वाट बघून निघून गेलेलं असे. संध्याकाळी उरलेली भाजी ती परतीच्या मिनीडोर रिक्षातल्या बायकांना वाटून टाकायची. त्या रिक्षातल्या बायका तिची फार वाट बघायच्या.

कर्जतच्याच भिसेगावात राहणारी सोनाली एका पतपेढीत कामाला होती. घरी जाताना ती एकदा छायासमोर थांबली आणि मेथीच्या पानातल्या भोकातून पलीकडं बघत म्हणाली, "औषध नाही का मारत?"

"नाय मारत."

"का बरं?"

छायानं जरा विचार केला. "मारलं की तिथल्या तिथं खाता येत नाय ना."

पतपेढीत दिवसभर माणसं सोनालीला काही ना काही पटवत असायची. इतकं साधं उत्तर तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. तिनं ती टोपलीच घेतली आणि आपल्या इमारतीत दारोदार वाटली. आठवड्यानं तिनं छायाच्या मोबाइलवर एक ग्रुप करून दिला. नाव ठेवलं 'छायाताईंची भाजी'. "रोज संध्याकाळी यावर लिहायचं, उद्या काय काय आहे ते. लोक सांगतील कोणाला काय हवं. सकाळी आणून द्यायचं. बाजारात बसायचं कामच नाही."

छायाला वाचता येत होतं, पण मोबाइलवर लिहायचं म्हणजे मुंगीच्या पायात चप्पल घालण्यासारखं. पहिल्या संध्याकाळी ती शेतात उभी राहून 'वांगी' लिहायला गेली आणि 'वागी' झालं, मग 'वाघ' झालं. मग तिला कोपऱ्यातलं माइकचं चित्र दिसलं. तिला वाटलं, हे दाबलं की बोललेलं एकट्या सोनालीला जातं. तिनं बोट दाबून धरलं आणि बोलायला लागली.

"सोनालीताई, वांगी हायेत. ती हिरवी, पांढऱ्या रेघांची. ऊन उतरलं ना, की रेघा अशा चमकतात, जशी कोणी आत्ताच ओली बोटं फिरवलीत. मेथी हाय, पण आज नका घेऊ, दोन दिवस ऱ्हाऊ दे तिला, अजून पोर हाय. दुधी एकच सापडला. पानामागं लपलावता, मला बघून न बघितल्यासारखं करत होता. आज पाणी सुटलंय, म्हणून बगळे आलेत. पाटाच्या कडेनं असे पाय उचलून चालतात, जसे सोयरिकीला आलेले पाव्हणे. मुळे हायेत. आणि काय सांगू, जितेशची पँट वाळत टाकलेली ती वाऱ्यानं उडाली आणि वालाच्या मांडवावर जाऊन बसली. आता मांडवच पाय पसरून बसल्यावानी दिसतोय. बरं, ठेवते. कोथिंबीर पण हाय."

आपलं बोलणं सगळ्या ग्रुपला गेलं, हे सोनालीचा फोन आल्यावर कळलं. छाया घामाघूम झाली. जितेशनं ते ऐकलं तेव्हा पँटीचं वाक्य आल्यावर तो कपाळाला हात लावून बसला. "अख्ख्या भिसेगावाला माझी पँट दाखवलीस तू."

पण सकाळी वांगी पुरली नाहीत. त्या एका दुध्यासाठी तीन घरांत भांडण लागलं. आणि मेथी कोणीही मागितली नाही. सगळे म्हणाले, मोठी होऊ दे तिला.

दुसऱ्या संध्याकाळी लाजून छायानं काहीच पाठवलं नाही, तर कोणीतरी लिहिलं, 'ताई, आज बगळे आले का?'

मग ती रोज बोलू लागली. ऊन कलायच्या वेळेला ती तुकड्यात जाई, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जाई आणि जे दिसेल ते सांगे. कोबीचा गड्डा आवळून येतो तेव्हा पानं कशी कुरकुरतात, टोमॅटोच्या केसाळ देठाला हात लागला की बोटांना कसा हिरवा वास राहतो, धुकं कसं आधी कालव्यावर झोपतं आणि मग सरपटत वाफ्यात येतं. भाजीची नावं त्यातच कुठंतरी येत. ऐकणारे ती वेचून घेत. भाव सोनाली लिहायची, ते काम छायाकडं दिलं असतं तर ती विसरली असती. ग्रुप वाढला. भिसेगावातून दहिवलीत गेला, तिथून नेरळला. कितीतरी माणसं भाजी न घेताही ऐकायची. दुसऱ्या बाळंतपणाच्या सुट्टीवर असलेल्या एका बाईनं कळवलं, की पोरगं तुमच्या आवाजावर झोपतं, जरा जास्त वेळ बोलत जा.

सोनालीच्याच इमारतीत सफुरा राहायची. तिचे सासरे, मोहियुद्दीनचाचा, पलंगाला खिळून होते. पाय गेले होते, नजरही अंधूक झाली होती. ऐन उमेदीत ते सायकलवर सुकी मासळी घेऊन फिरायचे. किनाऱ्यावरच्या गावातून जवळा, बोंबील, सोडे यायचे आणि चाचा ते कर्जत-खालापूरच्या गावागावांत विकायचे. असा रस्ता नव्हता, जो त्यांच्या सायकलीनं बघितला नव्हता. आता कित्येक वर्षं त्यांनी जिना उतरला नव्हता. एकदा भाजी द्यायला छाया वर गेली, तेव्हा सफुरा तिला हाताला धरून आत घेऊन गेली.

"अब्बा, या त्याच. बगळ्यावाल्या."

चाचांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. "बाय, बस. तुमच्या गावाला विहिरीवर आंबा होता. आहे का?"

"हाय ना. आता अर्धा वाळलाय."

"वाळू दे. अर्धा तरी आहे." ते हसले. "तू संध्याकाळी बोलतेस ना, तेव्हा मी निघतो. तुझ्या मागं मागं चालतो. काल तू मुळ्याच्या वाफ्याशी थांबलीस, मी पण थांबलो. माझ्या पायाला गार लागलं."

सफुरा म्हणाली, "खरंच सांगते ताई, तेव्हा ते पाय हलवतात चादरीखाली."

छाया त्या दिवशी घरी गेली ती तरंगतच.

असंच एक वर्ष गेलं. पुढच्या हिवाळ्यात तिला साईराजचा फोन आला. खालापूरच्या बाजूला हमरस्त्यालगत त्याची मोठी शेड होती. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांकडून रासायनिक खत न घातलेली, बिनफवारणीची भाजी आणायची, धुऊन, निवडून, पाकिटात भरून शहरात पाठवायची, असं त्याचं काम. माणूस सरळ होता. त्याचा माल खरा होता, त्याची तपासणी होत होती, कागदपत्रं चोख होती. त्याचं दुखणं वेगळं होतं. "ताई, माझी भाजी चांगली आहे, पण मुकी आहे," तो म्हणाला. "पाकिटावर लिहून लिहून किती लिहिणार? कोणी वाचत नाही. पाकिटावर मी ठिपक्यांचा एक चौकोन छापतो. त्यावर मोबाइल धरला की तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे. बस, एवढंच."

छाया जितेशबरोबर शेड बघायला गेली. स्वच्छ फरशी, निळे क्रेट, गार खोलीतून बाहेर पडणारी वाफ, डोक्याला टोप्या घातलेल्या बायका. एका छोट्या खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या, म्हणजे बाहेरचा आवाज येऊ नये. तिथं तिला बसवलं आणि साईराजनं तिच्या हातात एक गाजर दिलं. लालबुंद, लांब, मातीचा कण नसलेलं.

"कुठलं हाय?"

"घाटावरून येतात."

"शेत कसं हाय?"

"मीही नाही बघितलं ताई. माणूस माल घेऊन येतो. तुम्ही बोला ना, तुम्हाला काय, सहज जमतं."

छाया म्हणणार होती, की मी बघितल्याशिवाय कशी बोलू. पण खोली इतकी शांत होती, आणि गाजर हातात इतकं गार लागत होतं, की तिनं डोळे मिटले. आणि शेत आलं. ते आपणहून आलं. काळी, उतरती जमीन, खाली एक ओढा. ओढ्यात चपटा दगड, दगडावर एक म्हातारी बाई गाजरं धूत बसलेली. प्रत्येक गाजर पाण्यात बुडवलं की पाणी क्षणभर तांबूस होई आणि लगेच पुन्हा स्वच्छ. पलीकडच्या काठाला करंजाची झाडं, त्यांची सावली पाण्यावर डुलणारी. छाया बोलत गेली. म्हातारीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचा आवाजही तिनं सांगितला. डोळे उघडले तेव्हा दारात टोप्या घातलेल्या दोघी जणी येऊन उभ्या होत्या आणि साईराज तोंडावर हात ठेवून बसला होता.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मला जावंसं वाटतंय तिथं."

येताना छायाला रस्ता दिसतच नव्हता. आजवर ती ज्या ठिकाणी निघून जायची त्याला कोणी नाव दिलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. आता तिथून तिनं एक अख्खं शेत आणलं होतं आणि माणसांनी ते खरं मानलं होतं. त्या रात्री ओढा तिच्या स्वप्नात आला. म्हातारीनं वर बघून विचारलं, "उद्या येतेस ना?"

ती पुन्हा गेली. बटाट्याला एक शेत दिलं, त्यात सकाळी दवाची जाळी पसरायची. कांद्याला एक माळ दिला, तिथं वारा शीळ घालत यायचा. लसणाला दोन भाऊ दिले, एकमेकांशी न बोलणारे, पण एकाच विहिरीचं पाणी पिकाला पाजणारे. शेडमधल्या बायका जेवायच्या सुट्टीत विचारायच्या, "मग त्या भावांचं काय झालं पुढं?" छायालाही माहीत नसे. पुढच्या वेळी कळायचं.

इकडं घरामागच्या तुकड्यात काहीतरी बिघडत होतं. संध्याकाळी ती मोबाइल घेऊन उभी राही, वांगी समोर असत, पण तिला ती कांद्याच्या माळावरच्या वाऱ्यात हलताना दिसत. तिचं बोलणं आखूड झालं. "वांगी हायेत. पालक हाय. टोमॅटो हायेत." ग्रुपवर बगळ्यांचं विचारायचं लोकांनी सोडून दिलं.

एका सकाळी जितेश रात्रपाळी करून आला आणि तसाच मांडवाकडं गेला. "छाया, इकडं ये जरा."

वालाच्या कोवळ्या शेंगा काळ्या पडल्या होत्या. मावा. बारीक काळ्या किडीनं शेंडे नि शेंगा गच्च भरल्या होत्या, आणि मुंग्यांची रांग लागली होती. हे एका दिवसात होत नाही. ती रोज संध्याकाळी या मांडवाखालून गेली होती.

"तुला दिसलं नाय?" जितेशनं विचारलं. रागानं नाही, काळजीनं.

छायानं शेंग हातात घेतली. बोटं चिकट झाली. तिला खरोखरच दिसलं नव्हतं. ती दिवसभर राख उधळत आणि निंबाचं पाणी शिंपडत राहिली, पण निम्मा मांडव तोडून टाकावाच लागला.

त्याच आठवड्यात सफुराचा आवाजी निरोप आला. आनंदानं तिचा श्वास पुरत नव्हता. "छायाताई, काय जादू केलीत? माझ्या नणंदेनं शहरातून गाजराचं पाकीट आणलं, त्यावर तुमचा आवाज! अब्बांना ऐकवला. अब्बा रडायला लागले. म्हणाले, हा ओढा मला माहीत आहे, मी तिथं सायकल टेकवून भाकर खायचो. बाहेर जायचंय म्हणतात! इतक्या वर्षांनी! सलमाननी रविवारी रिक्षा रिकामी ठेवलीय. तुम्ही फक्त सांगा, कुठल्या रस्त्यानं यायचं."

सलमान म्हणजे सफुराचा नवरा, चाचांचा मुलगा.

छायानं तो निरोप तीनदा ऐकला. मग ती कालव्यावर जाऊन बसली. तिला एकदा वाटलं, सांगावं की शेत विकलं गेलं. एकदा वाटलं, कुठला तरी ओढा शोधावा, करंजाची झाडं असलेला, तिथं न्यावं त्यांना. चाचांची नजर अधू, त्यांना काय कळणार? हे मनात आलं तेव्हा ती स्वतःलाच बिचकली आणि उठली.

भिसेगावात पोहोचली तेव्हा चाचांचा पांढरा लेंगा-झब्बा इस्त्री करून खुंटीला टांगला होता. ती पलंगाशेजारी खाली बसली.

"चाचा, तो ओढा नाय."

"नाय म्हणजे? आटला?"

"नव्हताच. मी ते शेत बघितलंच नव्हतं. गाजर हातात दिलं त्यांनी, आणि मी डोळे मिटले. म्हातारी, दगड, करंज... सगळं माझ्या मनातलं."

सफुरा दारात थबकली. चाचांचे हात चादरीवर कशाचा तरी काठ शोधत होते.

"पण मी जाऊन आलो ना तिथं," ते म्हणाले. "सायकल करंजाला टेकवली. भाकर सोडली. मग मी कुठं जाऊन आलो, बाय?"

छायाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिनं पुसलंही नाही.

"त्या म्हातारीचं तोंड कसं होतं?" चाचांनी विचारलं.

"तोंड दिसलं नाय मला. वाकलेली होती."

"मला पण नाय दिसलं." ते थोडं हसले. मग म्हणाले, "तुझा मुळ्याचा वाफा तरी आहे का?"

"हाय. शपथ. पाट हाय, बगळे हायेत. वाल मात्र निम्मा गेला, मावा पडला. माझं लक्ष नव्हतं."

"कपडे इस्त्री झालेत," चाचा सफुराच्या दिशेला म्हणाले. "सलमानला सांग, रिक्षा निघणारच आहे. मुळ्याकडं घे म्हणावं."

त्या संध्याकाळी छायानं ग्रुपवर थोडं वेगळं सांगितलं. गाजराचं, बटाट्याचं, कांद्याचं शेत आपण बघितलेलं नाही. भाजी चांगली आहे, पण ओढा खोटा आहे. आणि वालाचा मांडव निम्मा काढला, शेंगा थोड्याच आहेत, ज्या आहेत त्यांना राखेचा वास येईल, धुऊन घ्या. काही माणसं गेली. एकानं लिहिलं, 'मग बगळे तरी खरे आहेत कशावरून?' सोनालीनं त्याला लिहिलं, 'रविवारी या आणि बघा.' तिनं रागाच्या भरात लिहिलं होतं, पण बाकीच्यांनी ते आमंत्रणच मानलं.

साईराजला तिनं फोन करून सांगितलं, की ते आवाज काढून टाका. तो कळवळला. लोकांना ते आवडलंय, गाजर कसं खपतंय, असं सांगून बघितलं. छाया एवढंच म्हणत राहिली, "मला त्या शेतात न्या. मग बोलते."

"घाटावर? रोज थोडंच नेता येणार ताई?"

"मग जवळचं काय असेल ते दाखवा."

तो चिडून फोन ठेवून मोकळा झाला. पण आठ-दहा दिवसांनी त्यानं ते आवाज खरंच काढले. होळीच्या सुमाराला तो स्वतः गाडी घेऊन आला आणि तिला खालापूरजवळच्या एका हळदीच्या शेतात घेऊन गेला. मालक चांगो नावाचा अबोल माणूस होता. छाया तिथं अख्खा दिवस बसली. संध्याकाळी तिनं जे सांगितलं त्यात हळद उकळणाऱ्या कढईचा वास होता, आणि चांगो दिवसभरात एकूण दोनदा बोलला आणि दोन्ही वेळा बैलाशी, हेही होतं. साईराजनं त्यातलं काही कापलं नाही. आता महिन्या-दोन महिन्यांनी तो तिला कुठं ना कुठं नेतो. खप पहिल्यासारखा नाही, असं तो म्हणतो, पण न्यायचं थांबवत नाही.

पण हे सगळं नंतरचं. ठरलेल्या त्या रविवारी रिक्षा आली. सलमान आणि जितेशनं चाचांना खुर्चीसकट उचललं आणि बांधावरून आत आणलं. मागून मिनीडोर भरून भिसेगावातली माणसं उतरली, पोरंबाळं, पिशव्या घेतलेल्या बायका, बगळ्यांवर शंका घेणारे गृहस्थसुद्धा. बगळे नेमके त्या दिवशी पलीकडच्या शेतात होते. गृहस्थांनी हात डोळ्यांवर धरून ते मोजल्यासारखं केलं आणि गुपचूप पालक तोडायला वाकले. छाया कोणती पानं तोडायची, कोणती ठेवायची ते दाखवत फिरत होती. चाचांनी मुळ्याच्या वाफ्याजवळ खुर्ची ठेवायला लावली. सफुरानं त्यांचे मोजे काढले. जितेशनं पाट फोडला आणि पाणी सावकाश सरीतून येऊन त्यांच्या पायांना लागलं. जितेशनं पाणी वळवायला फावडं उचललं, तेव्हा चाचांनी हात वर करून त्याला थांबवलं.

तेव्हापासून थंडीतल्या रविवारी छायाच्या तुकड्यात माणसं येतात. आपापली भाजी स्वतः तोडतात, बांधावर बसतात, मातीत पाय घालून मुलांना मुळा उपटायला शिकवतात. चाचा दर वेळी येतातच असं नाही, तब्येत असेल तेव्हा येतात. छाया त्यांना विचारते, "सांगू का काय काय हाय?" ते म्हणतात, "आज नको, मी आलोय ना."

मागच्या रविवारी ते आले आणि ऊन अंगावर घेता घेता खुर्चीतच त्यांना झोप लागली. मान छातीवर, पाय ओल्या मातीत, मांडीवर कोणीतरी ठेवलेली कोथिंबिरीची जुडी. सफुरा उठवायला निघाली, तर छायानं तिला हातानं अडवलं. मग वजनकाटा हळूच ठेवला गेला. सोनालीनं भाव कानात सांगितले. पोरं चवड्यांवर चालायला लागली आणि एकमेकांना गप्प करता करता फिसकन हसू लागली. त्या दिवशीची सगळी भाजी अशी कुजबुजत विकली गेली, आणि वाफ्यामागं एक बगळा मान वाकडी करून या माणसांना झालंय तरी काय, ते बघत उभा होता.